आदर्श गोपालकाचा गाऊन

आमच्या गावात डेअरीनं फेटा बांधून ‘आदर्श गोपालक’ म्हणून ज्याचा सत्कार केला, त्यो पयला माणूस मीच. त्या दिवशी फेट्यासकट गोठ्यात गेलो, तर गाय दावं तोडायला लागली, कारण तिनं मला इतक्या जवळून कधी बघितलंच नव्हतं.

माझं गोपालन म्हंजी काय? भरलेली किटली मोटारसायकलीला अडकवायची, डेअरीवर न्यायची, ओतायची, फॅट किती लागली ते बघायचं आन् चारचौघांत म्हणायचं, ‘पेंड बदलली, त्याचा गुण आला.’ पेंड कुठली व्हती ते मला ठावं नव्हतं. मग कट्ट्यावर चहा, थोडं राजकारण, आन् मोकळी किटली वाजवत घरी. गवत कापणं, कुट्टी करणं, शेण काढणं, गाय धुणं, दोन टायमाला धार काढणं, जनावर आजारी पडलं की डॉक्टरच्या मागं लागणं, हे सगळं आमची बायको करायची. ती आपली अशीच करायची. त्याला काय नाव नव्हतं. मी करायचो त्याला नाव व्हतं, गोपालन.

सत्काराला मला बोलाय लावलं. म्या माईक धरला आन् म्हणलं, ‘जनावरं पोटच्या लेकरावानी सांभाळावी लागत्यात.’ लई टाळ्या पडल्या. बायको टाळ्या वाजवाय नव्हती. सभा संध्याकाळची, आन् तिची धारंची येळ.

तवा मी शिरूरच्या अलीकडं एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर व्हतो. गाव आमचं निमोण्याच्या बाजूला, त्यामुळं जाऊन येऊन शिफ्ट करायचो. कंपनीत माझं काम काय लई भारी नव्हतं, पण युनियनच्या गेट मीटिंगला सगळ्यात मोठा आवाज माझा. शाळा म्या भायरूनच बघितली, पण घोषणा द्यायला कुठं वाचाय लागतंय? लीडर सांगायचा, ‘कष्ट तुमचं, नाव मालकाचं. घाम तुमचा, माल मालकाचा.’ मला ते इतकं पटायचं की घरी येऊन मी बायकोला शिकवायचो. ती भांडी घासत आसायची, मी कॉटवर पडून शिकवायचो.

‘काय न्याय हाय का ह्यो?’ म्या म्हणायचं. ‘मालकानं मशीनला कधी हात बी लावला न्हाई, आन् माल त्याचा!’

‘गाईला तुम्ही लावलाय का?’ ती म्हणायची.

मला वाटायचं ही इषय बदलतीय. बायकांना राजकारण कळत न्हाई म्हणून मी कूस बदलायचो.

बायकोचं माहेर दौंड तालुक्यात, भांडगावच्या आतल्या बाजूला. तिची बहीण तिकडं अंगणवाडीत हाय. तिनं एकदा फोन करून सांगितलं की दौंडात कष्टकरी बायकांचा मेळावा हाय, तू ये. मी गाडीवर घेऊन गेलो. उपकार म्हणून न्हाई, मेळाव्यात पोहे हायत आसं कळलं व्हतं.

हॉल भरून बायका. खुरपणाऱ्या, अंगणवाडीच्या, ऊसतोडीच्या, दुसऱ्याच्या घरची भांडी करणाऱ्या. गडी म्हणून मी, एक ड्रायव्हर आन् एक माईकवाला. मी पोह्याची प्लेट घेऊन मागं बसलो. एक बाई बोलाय उठल्या. वय आमच्या आईएवढं, पायात रबरी चप्पल, आवाज असा की माईकवाला उगीच आलता.

‘कामगार सकाळी गेटवर जातो,’ बाई म्हणल्या. ‘न्हाऊन, जेवून, धुतलेला शर्ट घालून. आदल्या दिवशी मेल्यावानी पडलेला माणूस सकाळी उभा कुणी केला? डबा कुणी भरला? उद्या त्याच मशीनवर उभं ऱ्हाणारं पोरगं कुणी वाढवलं? मशीनला तेल घालायचा खर्च मालक धरतो. माणसाला जे तेल घालावं लागतं, ते घरातली बाई घालती. मालकाला ती फुकटात पडती.’

म्या प्लेट खाली ठिवली आन् शिट्टी मारली. मालकाला कुणी बोललं की मी पुढंच.

‘आन् नवऱ्याला बी फुकटात पडती,’ बाई म्हणल्या.

दुसरी शिट्टी माझ्या तोंडातच ऱ्हायली. फुडच्या रांगंतून बायकोनं वळून बघितलं. मी पोहे खाल्ले.

मग बाईंनी इचारलं, ‘घरी धार कोण कोण काढतं?’ सगळा हॉल हात वर. ‘आन् डेअरीत सभासद म्हणून नाव कुणाकुणाचं हाय?’ एकच हात ऱ्हायला. ती बाई उभी ऱ्हाऊन म्हणली, ‘माझं हाय. पण त्ये नवरा वारला तवा लागलं.’ सगळ्या वळून तिच्याकडं बघाय लागल्या. तिलाच वाटलं आपून काय चुकीचं बोललो. म्हणली, ‘तसा माणूस चांगला व्हता हां,’ तवा सगळ्या खळखळून हसल्या.

माघारी येताना भीमेचा पूल लागला. पुलावर बायको म्हणली, ‘मला डेअरीत सभासद व्हायचंय.’

‘व्हू की,’ म्या म्हणलं. वाऱ्यात काय बी म्हणाय जातंय.

पण तिच्या डोक्यातनं ते गेलं न्हाई. आमच्याकडं डेअरीचा सभासद आसणं म्हंजी नुसतं नाव नसतंय. दुधाचं बिल सभासदाच्या खात्यावर जातं. दुसरी गाय घ्यायची तर संस्था कर्ज सभासदालाच देती. सभेत हात त्यानंच वर करायचा. माझ्या बायकोच्या गाईचं दूध गावात सगळ्यात चांगलं, आन् त्याच डेअरीत तिला चपला काढायच्या जागंपुढं काम नव्हतं.

म्हणून तिनं मला चेअरमनकडं धाडलं. चेअरमन म्हंजी आप्पा, आमच्या भावकीतलंच.

‘आप्पा, सभासद म्हणून माझ्या जागी बायकोचं नाव लावायचंय.’

आप्पांनी माझ्याकडं नीट बघितलं. ‘तब्येत बरी हाय न्हवं तुझी?’

‘बरी हाय.’

‘मग? घराला सभासद एक, आन् त्यो कर्ता माणूस. आज तुझी म्हणंल माझं लावा, उद्या गल्लीतल्या सगळ्या म्हणत्याल. परवा माझ्या खुर्चीवर येऊन बसत्याल.’

‘बराबर हाय,’ म्हणून मी चहा पिऊन आलो.

बायको दारातच उभी. म्या सांगितलं, ‘आप्पा न्हाई म्हणलं.’

‘आन् तुम्ही काय म्हणलाव?’

‘म्या म्हणलं बराबर हाय.’

ती हसली. आमची बायको चिडली तर मला काय वाटत न्हाई. हसली की मात्र मी चपला कुठं काढल्यात ते आधी बघून ठिवतो.

‘मग उद्यापास्नं धार कर्त्या माणसानं काढायची,’ ती म्हणली. ‘सभासदाची गाय, सभासदाचा गोठा, सभासदाचं शेण.’

मी आईकडं वळलो. ‘आई, बघ की तुझी सून काय म्हणती!’ मला वाटलं सासू हाय, माझ्या बाजूनं बोलंल. आईनं दोन्ही हात माझ्या तोंडाम्होरं धरलं. बोटं सगळी वाकडी. ‘ही बघ,’ आई म्हणली. ‘जलमभर धारा काढल्या. डेअरीत नाव तुझ्या बापाचं. सूनबाई, उद्या आपून वट्यावर बसू. मला बी चहा कर.’

‘चहा बी त्येच करत्याल,’ बायको म्हणली.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना दोघी वट्यावर, आन् मी बादली घेऊन गोठ्यात. गाईनं आधी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं, आजून कोण येतंय का म्हणून. मी खाली बसलो. पयली लाथ मांडीला. दुसरी बादलीला. पान्हा सोडंना. कास तटतटली, गाय हंबराय लागली, आन् वट्यावरनं आईचा आवाज, ‘आरं, लेकरावानी सांभाळ की!’

आता आमच्याकडं सगळ्या गड्यांना एक गोष्ट ठावी आसती, पण कोण कबूल करत न्हाई. बायको माहेरी गेली की गाय गड्याला जवळ येऊ देत न्हाई. मग गडी गपचूप बायकोचं लुगडं अंगावर घेतो. वास वळखीचा लागला की जनावर गप ऱ्हातंय. आता लुगडी ऱ्हायली न्हाईत. बायकोचा फुलाफुलांचा गाऊन दोरीवर व्हता, त्यो म्या चढवला. ती कामाला गाऊनवर एक जुना शर्ट घालती, त्यो बी चढवला. शर्ट माझाच, कंपनीतला, खिशावर कंपनीचं नाव आजून दिसत व्हतं. डोक्याला तिचा स्कार्फ. गाईनं वास घेतला, कान पाडलं, आन् पान्हा सोडला. दूध बादलीत वाजाय लागलं. मला इतकं बरं वाटलं की बोलायची सोय न्हाई.

तेवढ्यात गोठ्याच्या मागल्या दारानं आप्पा आलं, संगं फ्लेक्सवाला.

‘सूनबाई,’ आप्पा म्हणलं, ‘कर्ता कुठाय? सभेचा फ्लेक्स करतोय. आदर्श गोपालक म्हणून त्याचा गाईसंगं फोटो पायजे.’

मी मान खाली घातली आन् धार काढत ऱ्हायलो.

‘झोपलाय व्हय आजून?’

म्या मुंडी हलवली.

आप्पांनी सुस्कारा टाकला. ‘आळशी हाय बघ त्यो. पयल्यापास्नंच. तुझ्यामुळं घर चाललंय, पोरी. सगळ्या गावाला ठावं हाय, आमाला काय दिसत न्हाई व्हय?’

मला माझ्या बेइज्जतीचं काय वाटलं न्हाई, ती सवय हाय. पण ह्या माणसाला सगळं दिसत व्हतं! डोळं उघडं ठिवून त्यो ‘न्हाई’ म्हणला व्हता! माझ्या तोंडातनं गेलंच, ‘मग नाव का लावत न्हाई, आप्पा?’

माझा आवाज ऐकला आन् गाईच्या ध्यानात आलं की फसवणूक झालीय. बादली एकीकडं, मी एकीकडं, गाऊन गुडघ्याच्या वर. फ्लेक्सवाल्यानं त्याचं काम केलं. खटकन फोटो.

सांजच्याला त्यो फोटो गावाच्या ग्रुपवर. दुसऱ्या दिवशी कंपनीत. सुपरवायझर म्हणला, ‘या वैनी.’ कॅन्टीनमधी बिहारचा पोरगा ताट वाढताना म्हणला, ‘भाभीजी, और चावल?’ डेअरीवर तर कहरच. मी गेलो की एकजण पदर सावरल्यावानी करायचा.

पयल्यांदा मी बी हसलो. मग माझं टाळकं फिरलं. म्या किटली खाली ठिवली आन् म्हणलं, ‘हसा! मी गाऊन घालून का व्हईना धार काढली. तुमच्यातल्या एकानं बिनागाऊनची काढून दावा. सभासद हायसा न्हवं? जावा घरी, बसा गाईखाली!’

ही म्या नुसती तोंडाची वाफ घालवली व्हती. पण डेअरीवरचं बोलणं गल्लीत किटलीच्या आधी पोचतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वट्यावर दोन बायका ज्यादा. त्याच्या दुसऱ्या दिवशी वटा पुरंना. घराघरांत गडी बादल्या घेऊन गोठ्यात. कुणी नळीवाला पंप मागवला, त्यो गाईनं लाथाडला. एका मास्तरानं मोबाइलवर बघून धार काढायचा प्रयत्न केला, मोबाइल शेणात. दोरीवरचं गाऊन गायब व्हायला लागलं. माझ्यावर हसणारा एकेकजण तोंड पाडून, मांडी चोळत डेअरीवर यायचा. दूध इतकं घटलं की टँकर निम्मा माघारी गेला.

सगळंच हसण्यावारी गेलं आसं न्हाई. मागल्या आळीत एकानं रागाच्या भरात गाय बाजारात नेली आन् विकून आला. ती गाय त्या बाईनं कालवड आसल्यापास्नं वाढवली व्हती. गाईच्या कानातला बिल्ला नवऱ्याच्या नावावर, त्यामुळं कुणाला इचारायची गरज पडली न्हाई. ती बाई आमच्या वट्यावर येऊन बसली, पण चहा तिला जाईना.

त्या दिवशी बायको मला म्हणली, ‘तुमाला बी विकता येती आपली.’

‘मी कशाला विकंन? येडी हाईस का?’

‘विकत न्हाई ही तुमची मर्जी झाली,’ ती म्हणली. ‘मला तुमची मर्जी नको.’

कंपनीत आम्ही हेच म्हणत व्हतो. मालक चांगला हाय, दिवाळीला मिठाई देतो, आसं कोण म्हणलं की लीडर त्याच्या अंगावर जायचा. मिठाई नको, हक्क द्या. ती घोषणा सगळ्यात मोठ्यानं मीच द्यायचो.

सभा देवळाच्या मंडपात. फ्लेक्स लागलेला, पण त्याच्यावर गोपालकाच्या जागी गणपती. बायका आल्या आन् सरळ फुडं बसल्या.

‘सभा सभासदांची हाय,’ आप्पा म्हणलं. ‘बायकांचं इथं काय काम?’

‘दूध न्हाई म्हणल्यावर सभासदांना तरी काय काम हाय?’ बायको म्हणली. ‘बसतो घटकाभर.’

मी उभा ऱ्हायलो. मला वाटलं बोलायची बारी माझी हाय. ‘आप्पा, तुम्ही गोठ्यात म्हणलाव, हिच्यामुळं घर चाललंय, सगळ्या गावाला ठावं हाय. म्हणलाव का न्हाई?’

‘त्ये मी सूनबाईला म्हणलो व्हतो, तुला न्हवं!’

‘मग ती बसलीय म्होरं. आता म्हणा.’

मंडप हसला. आप्पा लाल झालं. ‘म्हणलो आसंन. पण नियम म्हंजी नियम. घराला सभासद एकच!’

‘एकच लावा की,’ बायको शांत म्हणली. ‘माझं लावा. ह्यांचं काढा.’

हे आमचं ठरलं नव्हतं. मला वाटलं व्हतं माझ्या नावाशेजारी तिचं बी लागंल, फोटोत कसं जोडीनं बसत्यात तसं. सगळी सभा माझ्याकडं बघाय लागली. माझ्या डोळ्याम्होरं कट्ट्यावरचा चहा आला, फेटा आला, खात्यावर बिल आल्याचा मोबाइलचा आवाज आला.

‘काय रं,’ आप्पांना हुरूप आला, ‘हरकत हाय का तुझी?’

‘न्हाई,’ म्या म्हणलं. तोंडानं म्हणलं. पोटात व्हती. पण आख्खा जलम गेटवर वरडलो आन् आता देवळात गप बसलो आसतो, तर गाईनं मारलेल्या लाथा फुकट गेल्या आसत्या.

तवाच बायकांच्या मागनं आप्पांच्या घरच्या उठल्या. त्या कधी सभेत आलेल्या कुणी बघितलं नव्हतं. ‘मग माझं बी लावा,’ त्या आप्पांना म्हणल्या. ‘आपल्या घरची धार तरी कोण काढतं? तुमचं काढा आन् माझं लावा.’

आप्पा खुर्चीवरनं उठलं आन् परत बसलं. सभासद न्हाई तर चेअरमन कशाचं? मंडपात सगळ्यांच्या ध्यानात ते एकदमच आलं. आप्पांनी पाणी मागवलं, पिलं, आन् म्हणलं, ‘तसा... नियम जुना हाय. घराला दोन सभासद करायला काय हरकत न्हाई.’

‘आमची हाय,’ बायको म्हणली. ‘दुसऱ्यानं बी धार काढली पायजे. जो काढंल त्याचं नाव.’

बायकांनी हात वर केलं. नियमानं त्यांचं हात मोजायचं नव्हतं, पण कुणी मोजू नका म्हणलं न्हाई. मग गड्यांचं बी एकेक वर गेलं, काय मनापासनं, काय मांडी दुखत व्हती म्हणून. आमच्या गल्लीतल्या बायका सभासद झाल्या. मागल्या आळीतल्या त्या बाईचं नाव न्हाई लागलं, कारण गोठ्यात गायच नव्हती. बायकोनं पयल्या बिलातनं दुसरी गाय बघायला सुरुवात केली, ती त्या बाईसंगं भागीत. माझ्या मर्जीला कुणी इचारलं न्हाई.

माझं नाव ऱ्हायलं. अट एकच, सकाळची धार बायकोची, संध्याकाळची माझी. मी शिकलो. बोटांना घट्टं पडलं. गाय आता मला गाऊनशिवाय बी उभी ऱ्हाती, तिचा मूड आसंल तर. गावात कोण कोण आजून ‘वैनी’ म्हणतं. म्हणा की. तुमच्या म्हणण्यानं माझी बादली सांडत न्हाई.

औंदा डेअरीनं आदर्श गोपालक म्हणून बायकोचा सत्कार केला. फेटा तिला बांधला, आन् तिला त्यो माझ्यापेक्षा शोभला, ही गोष्ट येगळी. आप्पा म्हणलं, ‘घरच्या माणसानं दोन शब्द बोलावं.’ म्हणून मी माईक धरला.

‘मंडळी,’ म्या म्हणलं, ‘आज मला लई अभिमान वाटतोय. ह्या बाईला म्या सभासद केलं, तवा सगळं गाव मला हसलं, पण म्या...’

बायकोनं माईक माझ्या हातातनं काढून घेतला.

‘ह्यांनी काय केलं न्हाई. मी झाले,’ ती म्हणली. मग माझ्याकडं वळली, पण माईक तोंडापास्नं बाजूला घेतला न्हाई. ‘तुम्ही घरी जावा, धारंची येळ झाली. आन् गाऊन घालणार आसाल तर नंतर धुवून वाळत घाला.’